जन्माची नोंद आणि सूरह अहजाबची पाचवी आयत



जुम्याच्या नमाजनंतर मला विचारले जाणारे प्रश्न गेल्या वर्षभरात बदलले आहेत. पूर्वी जकातीचा हिशेब, इद्दतीचे दिवस, वारसाहक्काचे वाटे असे मसले येत. आता लोक प्लॅस्टिकच्या पिशवीत कागद घेऊन येतात. एकाच्या आधार कार्डावर एक नाव असते, शाळेच्या दाखल्यावर दुसरे. कोणाच्या आईचा जन्म घरी झालेला असतो आणि नोंद कोठेच सापडत नाही. कोणाला मिळालेला जन्मदाखला रद्द झाल्याची नोटीस आलेली असते. सर्वांचा प्रश्न शेवटी एकच असतो. मौलाना, आम्ही येथलेच आहोत, हे आम्ही कसे सिद्ध करावे?

या प्रश्नामागील घटना आपण जाणता. विलंबाने केलेल्या जन्मनोंदींच्या आधारे बांगलादेशी व रोहिंग्या घुसखोरांनी दाखले मिळविले, असा आरोप राज्यात झाला. जानेवारी २०२५ मध्ये शासनाने विशेष तपास पथक नेमले आणि अशा नोंदींचे काम थांबविले. मार्च २०२५ मध्ये नव्या, कडक अटी आल्या. नायब तहसीलदारांनी अधिकार नसताना दिलेले दाखले रद्द करण्याचे आदेशही निघाले. वर्षअखेरीस तर आपल्याच यवतमाळ जिल्ह्याचे नाव वर्तमानपत्रांत झळकले. आर्णी तालुक्यातील शेंदुरसनी या सुमारे दीड हजार वस्तीच्या गावाच्या नावे जन्ममृत्यू नोंदणीच्या ऑनलाइन प्रणालीत २७ हजारांहून अधिक जन्मनोंदी आढळल्या. ज्या गावात इतकी माणसेच नाहीत, तेथे इतकी बाळे जन्मल्याचे लिहिले गेले.

याविषयी सभांत व दूरचित्रवाणीवर पुष्कळ बोलले जाते. आपण येथे एक निराळे काम करू. पवित्र कुरआनातील एक आयत घेऊ आणि तिच्या प्रकाशात स्वतःकडे पाहू. ती आयत आहे सूरह अहजाबची पाचवी.

आयतीचा प्रसंग

हजरत जैद बिन हारिसा (रजि.) बालपणी टोळीच्या हल्ल्यात पकडले गेले आणि गुलाम म्हणून विकले गेले. पुढे ते हजरत खदीजा (रजि.) यांच्या घरी आले व त्यांनी त्यांना प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या स्वाधीन केले. वडिलांना शोध लागला, तेव्हा ते मुलाला नेण्यासाठी मक्केत आले. जैद यांनी मात्र प्रेषितांजवळच राहणे पसंत केले. प्रेषितांनी त्यांना पुत्र मानले आणि लोक त्यांना जैद बिन मुहम्मद म्हणू लागले. या नावात प्रेम होते, सन्मान होता. तरीही आयत अवतरली आणि त्यांचे नाव पुन्हा जैद बिन हारिसा झाले.

ही आयत तीन गोष्टी सांगते. पहिली अशी की, माणसाला त्याच्या खऱ्या पित्याच्या नावाने पुकारा. अल्लाहजवळ हेच अधिक न्यायाचे आहे. दुसरी अशी की, ज्यांचे पिते तुम्हाला ठाऊक नसतील ते तुमचे दीनमधील भाऊ व स्नेही आहेत. तिसरी अशी की, नकळत झालेल्या चुकीचा दोष नाही. अंतःकरणाने ठरवून केलेल्या गोष्टीचा आहे.

खरी नोंद, नोंद नसलेल्याशी वागणूक, आणि चूक व लबाडी यांतील भेद: आजच्या वादातील तिन्ही गाठी या एका आयतीत आहेत. एकेक सोडवू.

पहिला धडा : नोंद खरी असावी आणि वेळेवर असावी

विचार करा. जगात प्रेषितांच्या नावापेक्षा श्रेष्ठ वंशनाम कोणते? तरीही ते वस्तुस्थितीला धरून नव्हते म्हणून बदलले गेले. प्रेम, लाभ, प्रतिष्ठा यांपैकी कोणत्याही कारणाने जन्माची हकीकत बदलता येत नाही, हा नियम प्रेषितांच्या घरापासून लागू झाला. मग आपल्या घराला त्यातून सूट कोठून मिळणार?

लिहून ठेवण्याची सवयही आपल्याला दीननेच लावली आहे. कुरआनची सर्वांत दीर्घ आयत, सूरह बकराची २८२ वी, कर्जाचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयी आहे. व्यवहार लहान असो वा मोठा, लिहिण्याचा कंटाळा करू नये, साक्षीदाराला बोलावले तर त्याने नकार देऊ नये आणि लेखकाला वा साक्षीदाराला त्रास होऊ नये, अशी ताकीद तीत आहे. सहीह बुखारीत हजरत हुजैफा (रजि.) यांची हदीस येते. प्रेषितांनी इस्लाम स्वीकारलेल्यांची नावे लिहून काढण्यास सांगितले आणि पंधराशे पुरुषांची यादी तयार झाली. म्हणजे नावनिशीवार नोंद ही आपल्याला परकी गोष्ट नाही.

आता आपले घर पाहू. बाळ जन्मले की सातव्या दिवशी अकीका करावा, नाव ठेवावे, ही सुन्नत आहे. सातव्या दिवशी जमले नाही तर चौदाव्या, तेही न जमल्यास एकविसाव्या दिवशी, असे उलेमा सांगतात. आणि देशाचा जन्ममृत्यू नोंदणीचा १९६९ चा कायदा काय सांगतो? जन्माची खबर एकवीस दिवसांच्या आत द्यावी. हा योगायोग ध्यानात ठेवण्याजोगा आहे. तीन सातांच्या आत अकीका, तीन सातांच्या आत नोंद. अकीक्याच्या मटणाचा हिशेब आपण करतो, पाहुण्यांची यादी करतो. मात्र ग्रामपंचायतीत वा नगर परिषदेत नाव लिहिण्यास जायला सवड नसते.

एकवीस दिवस उलटले तर तीस दिवसांपर्यंत विलंब शुल्क भरून नोंद होते. त्यानंतर एक वर्षापर्यंत लेखी परवानगी लागते. वर्ष उलटले की जिल्हादंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी वा अधिकार दिलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. आजचे सारे प्रकरण या शेवटच्या पायरीवरचे आहे. पहिल्या पायरीवर जे काम एका फेरीत होते, ते शेवटच्या पायरीवर वर्षे खाते. १ ऑक्टोबर २०२३ पासून सुधारित कायदा लागू झाला आहे. त्या दिवशी वा त्यानंतर जन्मलेल्या मुलाची जन्मतारीख व जन्मस्थळ शाळाप्रवेश, मतदार यादी, वाहन परवाना, विवाहनोंदणी, पारपत्र, सरकारी नोकरी या सर्व कामांसाठी जन्मदाखल्यानेच सिद्ध होणार आहे.

नागरिकत्वासाठी तर तारखेला अधिकच वजन आहे. १९४७ मध्ये मूलभूत हक्कांच्या चर्चेत सरदार पटेल यांनी जन्मावर आधारलेल्या व्यापक नागरिकत्वाची बाजू घेतली होती. १९५५ च्या कायद्यात तेच तत्त्व आले. २६ जानेवारी १९५० पासून ३० जून १९८७ पर्यंत भारतात जन्मलेली व्यक्ती, काही मोजके अपवाद सोडता, जन्मानेच नागरिक आहे. तिच्या आईवडिलांचे नागरिकत्व विचारले जात नाही. पुढे आसामच्या प्रश्नामुळे कायदा बदलला. १ जुलै १९८७ पासून आई किंवा वडील यांपैकी एक भारतीय असणे आवश्यक झाले. ३ डिसेंबर २००४ पासून दोघेही भारतीय असावेत, अथवा एक भारतीय असून दुसरा बेकायदा स्थलांतरित नसावा, अशी अट आली. याचा अर्थ असा की, आज जन्मलेल्या बाळाचे नागरिकत्व त्याच्या आईवडिलांच्या कागदांवर आणि त्यांचे त्यांच्या आईवडिलांच्या कागदांवर टेकलेले असू शकते. एका पिढीचा आळस तिसऱ्या पिढीला भोवतो. आधार कार्ड हा नागरिकत्वाचा पुरावा नाही, हे आधारच्या कायद्यातच लिहिलेले आहे. तेव्हा आधार आहे, आता काय चिंता, असे म्हणून निश्चिंत बसू नये.

आमच्या मोहल्ल्यातील एका खालांची हकीकत सांगतो. वय साठीच्या पुढे, जन्म पैनगंगेकाठच्या खेड्यात, घरी, दाईच्या हातून. शाळेचे तोंड पाहिले नाही, त्यामुळे शाळा सोडल्याचा दाखला नाही. नातवाच्या आग्रहाने त्यांनी २०२४ मध्ये विलंबित जन्मदाखला काढला. पुढच्या वर्षी तो रद्द झाला आणि मूळ पुरावा आणण्यास सांगण्यात आले. मी मराठी शिकलेला, म्हणून जुने कागद वाचण्यासाठी मला सोबत नेले.

आपल्या विदर्भात पूर्वी गावचा कोतवाल जन्ममृत्यूची नोंद ठेवी. तहसिलीत अर्ज करून आम्ही त्या गावच्या कोतवाल बुकाची नक्कल मागितली. नोंद निघाली. त्यांच्या वडिलांचे नाव होते, गाव होते, तारीख होती. अपत्याच्या रकान्यात एकच शब्द होता: मुलगी. नाव लिहिलेलेच नव्हते. आणि अशा नोंदी एक नव्हे, दोन होत्या. एक १९६० ची, दुसरी १९६२ ची.

खाला म्हणाल्या, माझ्या आधीची एक बहीण दुधावर असतानाच वारली होती. आम्ही मृत्यूची नोंद शोधली. १९६१ मध्ये त्याच वडिलांच्या नावे पुन्हा तोच शब्द सापडला: मुलगी. दोन जन्म, एक मृत्यू, आणि तिन्ही ठिकाणी नाव नाही. आई नेहमी सांगे की तू चीनच्या लढाईच्या साली झालीस, एवढाच धागा खालांच्या हाती होता. त्यावरून दुसरी नोंद त्यांची ठरते. अर्ज पुन्हा दाखल केला आहे. निकाल अद्याप आलेला नाही.

वडिलांनी मुलीची खबर दिली, हे त्यांचे चांगलेच काम. पण नाव ठेवल्यावर पुन्हा जाऊन ते लिहवून घेतले नाही. साठ वर्षांनी ती मुलगी त्या एका रिकाम्या रकान्यापुढे उभी आहे. म्हणून सांगतो, ज्यांच्या मुलांची नोंद नावाविना झाली आहे त्यांनी आजच नाव भरून घ्यावे. पहिल्या वर्षात ते विनाशुल्क होते, पुढे पंधरा वर्षांपर्यंत शुल्क भरून होते. मुलींच्या बाबतीत तर विशेष जपावे. मुलगी सासरी गेली की तिच्या नावापुढील वडिलांचे नाव जाऊन पतीचे येते आणि माहेराशी जोडणारा कागद उरत नाही. आसाममध्ये ३१ ऑगस्ट २०१९ रोजी प्रसिद्ध झालेल्या नागरिक नोंदवहीतून १९ लाखांहून अधिक लोक वगळले गेले. वडिलांशी नाते दाखविणारा कागद नसल्याने कित्येक विवाहित स्त्रियांची तेथे कोंडी झाली. माणसाला त्याच्या पित्याच्या नावाने पुकारा, हा आदेश मुलीच्या कागदालाही लागू आहे.

दुसरा धडा : ज्यांची नोंद नाही, ते कोण?

आयतीचा दुसरा भाग मला नेहमी थांबवितो. पित्याचे नाव ठाऊक नसेल तर त्या माणसाचे काय? अरबांच्या टोळीसमाजात वंश हाच माणसाचा दाखला होता. वंश ठाऊक नसलेल्याला कोणाचाही आधार नसे. कुरआनने अशा माणसाला दाराबाहेर उभे केले नाही. तो तुमचा भाऊ आहे, असे सांगितले.

हजरत सालिम (रजि.) हे याचे उदाहरण. ते मूळचे इराणकडील, गुलाम म्हणून आलेले. हजरत अबू हुजैफा (रजि.) यांनी त्यांना पुत्र मानले होते. ही आयत अवतरल्यावर त्यांच्या पित्याचे नाव सापडेना, म्हणून ते अबू हुजैफांचे मौला म्हणून ओळखले जाऊ लागले. त्यांची योग्यता काय होती? प्रेषित मदीनेस पोहोचण्यापूर्वी कुबा येथे मुहाजिरांची इमामत सालिम करीत, कारण कुरआन त्यांना सर्वांत अधिक येत होता. ज्या चौघांकडून कुरआन शिका असे प्रेषितांनी सांगितले, त्यांत सालिम होते. परमुलुखातून आलेला, पित्याच्या नावाचा पत्ता नसलेला माणूस पुढे उभा राही आणि कुरैशचे सरदार त्याच्या मागे सफेत उभे राहत.

यातून असा निष्कर्ष मात्र काढू नये की देशाने आपले नागरिक कोण हे विचारूच नये. करार पाळा, असा आदेश सूरह माइदाच्या पहिल्याच आयतीत आहे. मदरशात फिक्हच्या ग्रंथांत आपण शिकतो की, अमान घेऊन परक्या मुलुखात गेलेल्या मुसलमानाने तेथील लोकांच्या जीवित-वित्ताला हात लावणे हा विश्वासघात आहे. आजचा व्हिसा हा त्याच प्रकारचा करार होय. तेव्हा लपून सीमा ओलांडणे, मुदत संपल्यावर दडून राहणे, खोट्या नावाने दाखला काढणे, हे सारे करारभंगात मोडते. आपण त्याचे समर्थन करू नये. तो करणारा कलमा वाचणारा असला तरीही.

पण न्यायाची दुसरी बाजूही तितकीच आवश्यक आहे. एखाद्या लोकसमूहाविषयीच्या रागाने तुम्ही न्याय सोडू नये, असे सूरह माइदाची आठवी आयत सांगते. खबर आली तर आधी तपासा, नाहीतर अज्ञानाने कोणाला इजा कराल आणि मग पश्चात्ताप कराल, असे सूरह हुजुरातची सहावी आयत सांगते. हे आदेश आपल्याला उद्देशून आहेत, पण त्यांतील न्याय सर्वांच्या उपयोगाचा आहे. दाढी, भाषा वा मोहल्ला पाहून कोणाला परदेशी ठरविणे म्हणजे न तपासता निकाल देणे. हबशाच्या नज्जाशी राजाकडे मक्केचे दूत गेले आणि शरण आलेल्या मुसलमानांना आमच्या हवाली करा, म्हणाले. दरबाऱ्यांनीही तोच सल्ला दिला. तो ख्रिस्ती राजा म्हणाला की, त्यांचे म्हणणे ऐकल्यावाचून मी त्यांना सोपविणार नाही. त्याने हजरत जाफर (रजि.) यांना बोलावून ऐकले आणि मग निर्णय दिला. आधी ऐका, मग ठरवा, ही मागणी आपण आपल्या शासनाकडे करतो तेव्हा आपण सवलत मागत नसतो. ती न्यायाची किमान पायरी आहे.

आणि मुलांचे काय? सीमा आईवडिलांनी ओलांडली, बाळाने नाही. कोणीही दुसऱ्याचे ओझे वाहणार नाही, हा नियम कुरआनात वारंवार आला आहे. अमेरिकेत गुलामगिरी संपल्यावर १८६८ मध्ये घटनादुरुस्ती होऊन त्या भूमीवर जन्मलेल्यास नागरिकत्व मिळू लागले. १८९८ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने चिनी आईवडिलांच्या पोटी सॅन फ्रान्सिस्कोत जन्मलेल्या एका तरुणाच्या बाजूने निर्णय दिला. जानेवारी २०२५ मध्ये तेथील राष्ट्राध्यक्षांनी हा हक्क आकसविणारा आदेश काढला व तो न्यायालयात अडविला गेला. त्या आदेशात तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या आईवडिलांची मुलेही येत होती. म्हणजे नोकरीसाठी तेथे गेलेल्या कित्येक मराठी घरांनाही त्याची झळ लागणार होती. आपल्या देशाचा कायदा २००४ पासून निराळा आहे. तो पाळणे आपले कर्तव्य आहे. मात्र ज्या बाळाचा काहीच अपराध नाही, त्याचे शिक्षण, औषध आणि माणूस म्हणून असलेला मान कागदाच्या निकालापर्यंत थांबवू नये, एवढे तरी आपण म्हणू शकतो.

याविषयी हजरत उमर (रजि.) यांची हकीकत प्रसिद्ध आहे. त्यांच्या खिलाफतीत लोकांची नोंदवही होती आणि तीनुसार वेतन मिळे. मुलांना ते दूध सुटल्यावर मिळत असे. एका रात्री मदीनेबाहेर उतरलेल्या काफिल्यात एक बाळ सारखे रडताना त्यांनी ऐकले. विचारता आई म्हणाली की, उमर दूध तुटलेल्या मुलालाच वेतन देतो, म्हणून मी वेळेआधी याचे दूध तोडते आहे. समोर खलीफा उभे आहेत, हे तिला ठाऊक नव्हते. फज्रच्या नमाजमध्ये रडण्यामुळे त्यांची किरात लोकांना नीट ऐकू येईना. मग त्यांनी घोषणा करविली की, जन्मलेल्या प्रत्येक बाळाला जन्मापासून वेतन मिळेल. नोंदीचा नियम शासकाचाच होता. त्या नियमाने बाळाला त्रास होतो हे कळताच शासकाने नियम बदलला, आईला दोषी ठरविले नाही. प्रत्येक कार्यालयाने स्मरणात ठेवावी अशी ही हकीकत आहे.

तिसरा धडा : चूक वेगळी, लबाडी वेगळी

आपल्या लोकांच्या कागदांत चुका पुष्कळ आहेत. शाळेच्या रजिस्टरात शेखचे ‘शे.’ झाले, सय्यदचे ‘सै.’ झाले. मोहम्मदचे कोठे ‘मो.’ तर कोठे ‘महमद’. एकच स्त्री एका कागदावर फातमाबी, दुसऱ्यावर फातिमा बेगम, तिसऱ्यावर फातेमा परवीन असते. जुन्या दाखल्यांत गावाचा प्रांतही निराळा दिसेल. १९०५ पर्यंत आपल्या जिल्ह्याचे नाव वणी होते. १९५० ते १९५६ या काळात जन्मलेल्याच्या कागदावर मध्यप्रदेश असणे ही चूक नसून इतिहास आहे, कारण त्या वेळी यवतमाळ त्याच राज्यात होते. आपले वडीलधारे घर न बदलता वऱ्हाडातून मध्यप्रदेशात, तेथून द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आले. अशा विसंगतीचा दोष आयतीने माणसावर ठेवलेला नाही. रीतसर अर्ज करून, शपथपत्र देऊन त्या दुरुस्त करून घ्याव्यात. घाबरून नवा खोटा कागद तयार करू नये.

कारण तेथून लबाडी सुरू होते. प्रेषित मुहम्मद (स.) एकदा मोठमोठी पापे सांगत होते. शिर्क सांगितले, आईवडिलांची अवज्ञा सांगितली. तोवर ते टेकून बसले होते. मग सरळ उठून बसले आणि खोटी साक्ष, खोटे बोलणे यांविषयी इतक्या वेळा बजावले की, सहाबांना वाटले, आता ते थांबतील तर बरे. जन्मनोंदीच्या अर्जाखाली साक्षीदार म्हणून केलेली सही ही शरीअतच्या भाषेत शहादत आहे. ती गल्लीतल्या माणसाची मदत म्हणून करावयाची औपचारिकता नव्हे.

हे मी उपदेशक म्हणून सांगत नाही. मी स्वतः चुकलो आहे. खालांचा अर्ज घेऊन मी कार्यालयात गेलो, त्यावर साक्षीदार म्हणून माझी सही होती. तेथील कर्मचाऱ्याने दुसरा एक अर्ज पुढे सरकविला. तो आमच्याच मोहल्ल्यातील एका तरुणाचा होता. त्याच्या वडिलांनी इशाच्या नमाजनंतर मशिदीच्या पायरीवर तो माझ्यासमोर धरला होता आणि काही न वाचता, काही न विचारता मी सही केली होती. त्यात मुलाचे वय दोन वर्षांनी कमी दाखविले होते, भरतीसाठी. शाळेच्या रजिस्टरातील तारीख वेगळी होती.

कर्मचारी शांतपणे म्हणाला, “मौलाना, ही सही तुमचीच ना? मग या बाईंच्या अर्जावरची सही खरी, हे आम्ही कशावरून मानावे?”

माझ्याजवळ उत्तर नव्हते. खाला बाहेर बाकावर तसबीह फिरवीत बसल्या होत्या. त्यांचे प्रत्येक अक्षर खरे होते आणि त्याला माझ्या एका खोट्या सहीने बट्टा लावला होता. आपल्यावर संशय घेतला जातो, ही तक्रार मी मिंबरवरून अनेकदा केली आहे. त्या दिवशी कळले की, त्या संशयाला सरपण पुरविणाऱ्यांत मीही होतो.

सूरह बकराच्या १६० व्या आयतीत सत्य दडविणाऱ्यांच्या तौबेसाठी तीन गोष्टी सांगितल्या आहेत: परतणे, सुधारणे आणि उघडपणे स्पष्ट करणे. केवळ मुसल्ल्यावर रडून ही तौबा पुरी होत नाही. मी त्या तरुणाच्या अर्जावरील साक्ष लेखी मागे घेतली. त्याचे वडील त्या दिवसापासून माझ्या मागे नमाज पढत नाहीत, दुसऱ्या मशिदीत जातात. मला याचे दुःख आहे. पण सूरह निसाची १३५ वी आयत स्वतःविरुद्ध, आईवडिलांविरुद्ध, नातलगांविरुद्धही न्यायाची साक्ष द्यावयास सांगते. तेथे मोहल्ल्याचा अपवाद केलेला नाही.

आपण काय करावे?

१. अकीक्याचा दिवस ठरविताना नोंदणीचा दिवसही ठरवावा. बाळाचे नाव, आईचे व वडिलांचे नाव यांचे स्पेलिंग आधी कागदावर लिहून न्यावे व दाखला हाती येताच तेथेच वाचून पाहावा.

२. घरातील वडीलधाऱ्यांकडे बसून त्यांची जन्मकथा लिहून घ्यावी: गाव, दाई, भावंडांचा क्रम, त्या साली घडलेली मोठी घटना. खालांच्या कामी आईचे एक वाक्य आले. उद्या सांगणारे राहणार नाहीत.

३. कोतवाल बुक, शाळेचा दाखल-खारीज उतारा, जुनी मतदार यादी, जमिनीचे कागद यांच्या प्रमाणित नकला धावपळीची वेळ येण्यापूर्वीच काढून ठेवाव्यात.

४. दलालाला पैसे देऊन ‘तयार’ दाखला घेऊ नये. ज्या गावात आपण जन्मलो नाही त्या गावचा दाखला आज हाती येईल, पण उद्या तोच आपल्याविरुद्ध पुरावा ठरेल. आणि परलोकात तर प्रत्येक नोंद उघडी होणारच आहे.

५. कोणाच्या अर्जावर साक्षीदार व्हायचे तर आधी वाचावे, विचारावे. खरे ठाऊक असेल तर टाळाटाळ न करता सही करावी, गरज पडल्यास कार्यालयात जाऊन उभे राहावे. ठाऊक नसेल तर नम्रपणे नकार द्यावा. खऱ्याची साक्ष दडविणेही पाप आहे, हे सूरह बकराच्या २८३ व्या आयतीत सांगितले आहे.

६. प्रत्येक मशिदीत शिकलेल्या दोघा-चौघा तरुणांनी आठवड्यातून एक दिवस लोकांचे अर्ज विनामूल्य लिहून द्यावेत. कागद नसलेली विधवा, अनाथ मूल, शेतमजूर यांच्यासाठी हे सदका आहे. आणि शेजारचा हिंदू, आदिवासी वा बंजारा बांधव आला तर त्याचाही अर्ज तितक्याच मायेने लिहावा. घरी जन्मलेली, नोंद नसलेली माणसे केवळ आपल्यातच नाहीत.

बंधू-भगिनींनो, खाला परवा भेटल्या. म्हणाल्या, बेटा, त्या वहीत माझे नाव आता लिहतील का? मी म्हणालो, इन्शा अल्लाह. मग त्याच म्हणाल्या, अल्लाहच्या वहीत तर आधीपासूनच आहे.

त्यांचे म्हणणे खरे आहे. पण दुनियेच्या वहीत नावे लिहिण्याची जबाबदारी अल्लाहने आपल्यावर सोपविली आहे, आणि त्या लेखणीचाही हिशेब द्यावा लागेल.

हे अल्लाह, आमच्या जिभेला व आमच्या सहीला सत्यावर ठेव. ज्यांचे कागद हरवले आहेत त्यांना धीर दे आणि ज्यांच्या हाती निर्णय आहे त्यांच्या अंतःकरणात न्याय घाल. आमच्या मुलांना या भूमीत मानाने व नेकीने जगव. आमीन.